पाठीवरील बॅटरी : अवजाराचे ओझे आणि श्रमिकाचे शरीर

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विचार करताना ट्रॅक्टर, कापणी यंत्र आणि अलीकडच्या काळात ड्रोन यांचाच प्रामुख्याने उल्लेख होतो. हातात धरून चालविण्याच्या लहान अवजारांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक फळबागा, चहाचे मळे, रोपवाटिका आणि नगरपालिकांची उद्याने येथील बहुतांश कामे याच अवजारांनी होतात. गवत कापण्याचे ब्रश कटर, कुंपण छाटण्याचे यंत्र, छाटणीची कात्री यांचा त्यात समावेश होतो. ही अवजारे दीर्घकाळ टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर किंवा केवळ मनगटाच्या बळावर चालत आली. आता त्यांची जागा वायरविरहित विद्युत अवजारे घेऊ लागली असून, त्यांची बॅटरी अवजारात न बसविता पाठीवर पट्ट्यांनी बांधून वाहण्याची पद्धत रूढ होत आहे.

या पद्धतीमागील कारण साध्या अंकगणितात आहे. बॅटरीतील ऊर्जा म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार होय. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १८० वॉट-तास ऊर्जा साठते. ६०० वॉटचा भार असलेले ब्रश कटर तिच्यावर अवघी १८ मिनिटे चालेल. दीड-दोन तास सलग काम करावयाचे असल्यास सुमारे १,०८० वॉट-तासांची, म्हणजे ३० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. एक किलो वजनात साधारण १५० वॉट-तास ऊर्जा मावते असे धरले, तर या बॅटरीचे वजन सात किलोंच्या वर जाते. एवढे वजन अवजाराच्या टोकाला लावून हात लांबवून काम करणे कोणालाही शक्य नाही. तेच वजन कमरपट्ट्याच्या साहाय्याने नितंबांच्या हाडांवर टेकविले, तर खांदे आणि मणका यांवरील ताण बराच कमी होतो. वजन तेवढेच राहते. बदलते ते पेलण्याचे स्थान. कमरपट्टा सैल ठेवून केवळ खांद्यांवर बॅटरी लटकविणाऱ्यास मात्र या रचनेचा लाभ मिळत नाही.

व्होल्टता ३६ च ठेवण्यालाही कारण आहे. ६०० वॉटसाठी ३६ व्होल्टला सुमारे १७ अँपिअर प्रवाह पुरतो; १२ व्होल्टला तो ५० अँपिअर लागेल. तारेतील उष्णताव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, त्याच तारेत तो नऊपट होईल. पाठीपासून हातापर्यंत येणारी तार बारीक आणि लवचिक ठेवता येते ती यामुळेच. ही तार फांद्यांत अडकण्याचा धोका असतो. म्हणून ती पट्ट्यातील कड्यांतून ओवून बाहूलगत नेतात आणि पट्ट्याचे बक्कल एका झटक्यात सुटेल असे ठेवतात.

पेट्रोलच्या तुलनेत बॅटरी ऊर्जेच्या बाबतीत दुबळीच आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे बॅटरीच्या सुमारे ऐंशीपट. परंतु टू-स्ट्रोक इंजिनात तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि काही इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. त्यात कंप आणि आवाज यांची भर पडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान इंजिनांच्या नव्या विक्रीवर १ जानेवारी २०२४ पासून निर्बंध आणले, ते याच प्रदूषणामुळे.

भारतीय संदर्भ

पाठीवर बॅटरी वाहणे भारतीय शेतकऱ्याला नवे नाही. ग्रामीण भागात ‘चार्जिंगचा पंप’ या नावाने ओळखला जाणारा फवारणी पंप म्हणजे याच कल्पनेचे प्राथमिक रूप होय. त्यातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी ९६ वॉट-तास ऊर्जा देते. मात्र येथे खरे ओझे १६ लिटर द्रावणाचे असते. या पंपाने दांडा हलविणाऱ्या हाताची सुटका केली, पण श्रम कमी होताच फवारणीचा वेग आणि तासही वाढू शकतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्या वेळी चर्चिल्या गेलेल्या कारणांत संरक्षक साधनांच्या अभावाबरोबरच जोरकस फवारणी करणाऱ्या पंपांचाही समावेश होता. अवजार हलके झाले म्हणजे काम निर्धोक झाले, हे गृहीतक तपासून घ्यावे लागते ते यासाठी.

हवामानाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करावी लागते. नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलमधील खरड छाटणीनंतर उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावणे अयोग्य. ती सावलीत निवू द्यावी लागते. याउलट काश्मीर व हिमाचलमधील सफरचंदांची छाटणी ऐन हिवाळ्यात होते. गोठणबिंदूखाली चार्जिंग केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून बॅटरी कायमची निकामी होऊ शकते. तेथे बॅटरी रात्री घरात उबेला ठेवणे श्रेयस्कर.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०१४-१५ पासून अवजारखरेदीस साहाय्य देण्यात येऊ लागले. त्यात लहान, सीमांत व महिला शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के असे सर्वसाधारण प्रमाण ठरविण्यात आले. परंतु महागडी बॅटरी एकाच अवजारासाठी घेणे परवडत नाही. एकाच बॅटरीवर कात्री, करवत आणि ब्रश कटर आळीपाळीने चालविता आले, तरच हा खर्च सुसह्य होतो. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना हे विशेष सोयीचे ठरावे. निरनिराळ्या उत्पादकांच्या जोडण्या परस्परांशी जुळत नाहीत, ही यातील मोठी अडचण होय.

बॅटरी निकामी झाल्यावर तिचे काय, याचे उत्तर बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये आहे. या नियमांनी शिसे-आम्ल बॅटरीपुरत्या असलेल्या २००१ च्या नियमांची जागा घेतली आणि लिथियम बॅटरी परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकावर टाकले. विद्यार्थ्यांनी येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. या नियमांतील व्याख्येनुसार ‘पोर्टेबल’ बॅटरी पाच किलोंपेक्षा कमी वजनाची असावी लागते. त्यामुळे कात्रीची छोटी बॅटरी त्या वर्गात मोडते. पाठीवरची सात किलोंची बॅटरी, ती माणूसच वाहून नेत असला तरी, मोडत नाही.