पंढरीची वारी : प्रस्थानापूर्वी रुग्णाची सिद्धता

ज्येष्ठ महिना लागला की वारीला निघणारे रुग्ण 'वाटेत उपयोगी पडेल असे काही द्या' म्हणून आपल्याकडे येऊ लागतात. आळंदीहून पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीस होते. त्यामुळे आपल्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात आणि चूर्णाच्या पुड्या देण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. वारीची सिद्धता वैशाखातच, किमान सहा आठवडे आधी सुरू व्हावी, असे आमचे मत आहे. त्या दृष्टीने काही मुद्दे वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधालयचालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रवासाचे स्वरूप

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० कि.मी. आहे. २०२५ साली १९ जूनला प्रस्थान झाले आणि ६ जुलैला आषाढी एकादशी आली. पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे ३० कि.मी.चा असून त्यातच दिवेघाटाची चढण आहे. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षाऋतूत प्रकुपित होतो आणि अग्नी मंदावतो. नेमक्या याच संधिकालात अतिचंक्रमण, जागरण, विषमाशन आणि भिजणे ही वातप्रकोपाची कारणे एकत्र येतात. शरीराला याची पूर्वसवय नसेल तर केवळ औषधाने भागत नाही.

चालण्याचा क्रम

ग्रीष्मऋतुचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, आणि सराव तर ग्रीष्मातच करावयाचा आहे. याचा मेळ पादांशिक क्रमाने घालावा. रुग्ण आज जेवढे सुखाने चालतो तेथून आरंभ करून, सूर्य चढण्यापूर्वी चालवून, अंतर थोडेथोडे वाढवीत न्यावे. कपाळावर घाम, मुखशोष आणि तोंडाने श्वास घेण्याची वेळ ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. वारीत घालावयाची पादत्राणे याच काळात वापरून मऊ करून घ्यावीत.

रात्री पादाभ्यंग नित्य असावा. पायांची रुक्षता, स्तब्धता, श्रम व सुप्ती त्याने दूर होतात आणि पाय फुटत नाहीत, असे चरकाचार्य सांगतात. सकाळी मात्र तेल पुसून, पाय कोरडे करूनच पादत्राण घालावे. मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना आधीच तपासावी. ती कमी असेल तर अनवाणी चालण्याचा नेम त्याने सोडावा, हे घरच्यांसमक्ष स्पष्ट सांगावे.

शोधन केव्हा?

संधिवाताचे अनेक रुग्ण निघण्याच्या आठवड्यात पंचकर्म करून घेण्याचा आग्रह धरतात. शोधनानंतर वर्ज्य म्हणून सांगितलेल्या आठ गोष्टींत उच्चैर्भाष्य, अतिचंक्रमण, अजीर्ण आणि अहित भोजन यांचा समावेश आहे. दिंडीत दिवसभर चालणे आणि उच्च स्वरात भजन हेच तर घडते. म्हणून शोधन करावयाचे असल्यास संसर्जनक्रम पुरा होऊन बल परत येईल इतके आधी करावे. तेवढा अवधी नसेल तर अभ्यंग, स्वेदन व दीपन यांवरच समाधान मानावे आणि शोधन परतल्यावर योजावे.

वेगांचा विचार

मूत्रवेग धारण करावा लागू नये म्हणून अनेक स्त्रिया वाटेत पाणीच पिणे टाळतात. तृष्णा हाही अधारणीय वेग आहे, हे त्यांना आधीच समजावून सांगावे. श्रमश्वासाच्या अवरोधाने हृद्रोग व संमोह संभवतात असे शास्त्रवचन आहे. म्हणून हृद्रोगी रुग्णाने घाट चढताना गाणे थांबवून श्वास मोकळा करावा. छातीत दुखणे, बसल्यावरही न शमणारी धाप, उन्हात भ्रम किंवा बरळणे ही लक्षणे दिसताच सोबत्यांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुटी-चूर्णाच्या अनुभवासाठी थांबू नये.

चालू औषधे

आमच्या मते सर्वांत मोठा धोका येथे आहे. 'माउली सांभाळतील' या श्रद्धेने काही रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्या घरीच ठेवून निघतात. श्रद्धेचा मान राखूनही, औषध नेणे हा नेमाचाच भाग आहे, असे त्यांना पटवून द्यावे. मधुमेहाच्या औषधांनी, अतिश्रमाने आणि एकादशीच्या उपवासाने रक्तशर्करा एकाएकी खाली येऊ शकते. मूत्रल औषधे घेणाऱ्याला उन्हात जलक्षय लवकर होतो. मात्रा बदलणे हे त्या रुग्णाच्या मूळ चिकित्सकाचे काम आहे. आपण त्याला निघण्यापूर्वी तेथे पाठवावे, आणि चालू औषधांची व व्याधींची यादी लिहून खिशात ठेवावयास सांगावे.

औषधालयाची तयारी

चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते आणि गुटी-अवलेह वर्षभर टिकतात, असे शार्ङ्गधराने म्हटले आहे. वेष्टनावरील कालमर्यादा बंद डबीपुरती असते. पावसाळी हवेत उघडी डबी लवकर ओल धरते. म्हणून वाटेसाठी शक्यतो वटी द्याव्यात, आणि चूर्ण दिल्यास एकेका मात्रेच्या बंद पुड्या कराव्यात. आसव-अरिष्टांच्या काचेच्या बाटल्या ओझ्यात फुटतात. शिवाय त्यांत संधानजन्य मद्यांश असतो. माळकऱ्याला तो सांगावा आणि अन्य कल्प सुचवावा.

श्रमहर गणातील द्राक्षा, खर्जूर आणि डाळिंब पिशवीत सहज मावतात; मधुमेहींना ती मोजूनच द्यावीत. जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येकाला द्यावीत. एका पाकिटास एक लिटर पाणी हे प्रमाण पुडी देतानाच तोंडी सांगावे, कारण कमी पाण्यात कालवलेले मिश्रण अपायकारक ठरते.

उपसंहार

वारकऱ्याला वारी चुकविण्यास सांगणे क्वचितच शक्य होते, आणि बहुधा त्याची आवश्यकताही नसते. सुखाने चालून तो सुखरूप परतावा, इतकेच आपले कर्तव्य आहे. त्यासाठी 'वारीला जाणाऱ्यांनी वैशाखात तपासणी करून घ्यावी' अशी पाटी प्रत्येक चिकित्सालयात आणि औषधालयात चैत्रापासूनच लागावी, अशी आमची सूचना आहे.