गोष्ट आणि गणित

गोष्ट म्हणजे करमणूक व अभ्यास म्हणजे पाठांतर, अशी पुष्कळ पालकांची समजूत आम्हांस आढळते. भावनगरचे शिक्षक गिजुभाई बधेका ह्यांच्या 'दिवास्वप्न' ह्या गुजराती पुस्तकातील गुरुजी मात्र चौथीच्या दंगेखोर मुलांस प्रथम गोष्टच सांगतात, आणि त्याच गोडीने त्यांस वाचनाकडे व इतिहासाकडे वळवितात.

गणितासही हा मार्ग मोकळा आहे. बुद्धिबळाच्या जनकाने राजापाशी बक्षीस मागितले, अशी एक जुनी दंतकथा आहे. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी चौसष्ट घरे भरावयाची. मागणे क्षुल्लक समजून राजा हसला.

येथेच गोष्ट थांबवावी व मुलांस पाट्या काढावयास सांगावे. दहाव्या घरी ५१२ दाणे होतात. एकविसाव्या घरी १०,४८,५७६! राजाची चूक मग मुलांस स्वतःच्याच आकडेमोडीने उमगते.

गोष्ट हिशेबाची जागा घेत नाही. हिशेब करण्याची इच्छा मात्र ती उत्पन्न करिते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, रात्री मुलाने गोष्ट मागितली असता 'आधी अभ्यास' म्हणून त्यास परतवू नये. गोष्ट अवश्य सांगावी, आणि मध्येच एक प्रश्न विचारून थांबावे.