परड्यातल्या कोंबडीचा दाणा

आपले भूम बालाघाटाच्या डोंगराळ भागात आहे. पाऊस बेताचा. घरोघर म्हशी आहेत. दुधाचा खवा होतो आणि तो लांबच्या बाजारात जातो. म्हशीच्या पेंडीचा हिशेब आपण सगळे ठेवतो. परड्यात चार-दहा कोंबड्याही असतात. त्यांच्या दाण्याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. तो आज ठेवू.

शेजारच्या मावशी एकदा आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, दुकानातलं खाद्य परवडत नाही बघा. अंडी विकून दाणाच आणायचा, तर कोंबडी पाळायची कशाला?"

मावशींचे म्हणणे खरे होते. आणखीही एक गोष्ट आहे. पोत्यातल्या खाद्यात काय मिसळले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. कोलिस्टिन नावाचे औषध आहे. दुसरी औषधे चालेनाशी झाली म्हणजे डॉक्टर ते माणसाला देतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात घालत असत. सरकारने 2019 साली त्यावर बंदी घातली.

सेंद्रिय दाणा म्हणजे काय?

रासायनिक खत आणि फवारा न वापरता पिकवलेला, औषध न मिसळलेला, तो सेंद्रिय दाणा. शिक्का मारलेला सेंद्रिय माल महाग असतो. पण शिक्का माल विकायला लागतो. घरच्या कोंबडीला शिक्का नको, स्वच्छ दाणा हवा. आपल्या रानातली ज्वारी-बाजरी कशी पिकवली, ते आपल्यालाच ठाऊक असते. शेजाऱ्याकडून घ्यायची तर त्याला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आमची चूक

एका मृगात पेरणी झाली. पिशवीत दोन मुठी बियाणे उरले. वाया कशाला घालवायचे, म्हणून आम्ही ते कोंबड्यांपुढे टाकले. सकाळी नवांपैकी सहा कोंबड्या मरून पडल्या होत्या. बियाण्याला विषारी औषध चोळलेले होते. दाणे तांबडे दिसत होते. ते खाण्यास किंवा जनावरांस देऊ नये, असे पिशवीवर छापलेले होते. आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि पिशवी मात्र वाचली नाही. सूनबाई काही बोलली नाही. तिने खड्डा खणून कोंबड्या पुरल्या. त्या अंड्यांच्या पैशांत ती नातवाच्या वह्या घेत असे.

म्हणून आधी पिशवी वाचा. रंगवलेले बियाणे कोंबडीला कधीही देऊ नका.

घरचा दाणा कसा करावा?

कोंबडीला ताकदीसाठी धान्य लागते. मांस आणि अंडे होण्यासाठी प्रथिन लागते. कवचासाठी चुना लागतो. 10 किलो दाण्याचे प्रमाण असे आहे :

भरडलेली ज्वारी किंवा बाजरी – 6 किलो
भाजून भरडलेले सोयाबीन – 2 किलो
तुरीची चुणी – दीड किलो
शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची पूड – अर्धा किलो
मीठ – 30 ग्रॅम, जास्त नको

यात शेकडा 17 च्या आसपास प्रथिन येते. अंड्यावरच्या कोंबडीला तेवढे पुरते.

सोयाबीन कच्चे देऊ नका. त्यात प्रथिन पचू न देणारा एक पदार्थ असतो. भाजल्याने त्याचा जोर जातो. कढईत हलवत हलवत, कच्चा वास जाईपर्यंत भाजावे.

शेवगा मोरीच्या पाण्यावरही वाढतो. पाला सावलीत वाळवावा. उन्हात त्याचा कस जातो.

अंड्यांची टरफले फेकू नका. तव्यावर भाजून बारीक चुरा करा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबडी लागेल तेवढा चुरा टिपते. हा चुरा पिलांना नको.

खळ्यावरचे मातेरे आणि सुपात उरलेली कणीही चालते. ती पाखडून, खडे काढून द्यावी. दिवसा कोंबड्यांना उकिरड्यावर मोकळे सोडावे. किडे, मुंग्या, वाळवी हे त्यांचे फुकटचे प्रथिन आहे. मात्र आसपासच्या रानात फवारणी झाली असेल, तर त्या दिवसांत त्यांना परड्यातच ठेवावे.

काय देऊ नये?

बुरशी आलेली पेंड देऊ नये. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. टर्की हा कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी. शोध घेता कळले, की त्यांना घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष होते. म्हणून दाणा कोरड्या डब्यात ठेवावा. वास आला तर टाकून द्यावा.

म्हशीची सरकी पेंड कोंबडीला घालू नये. तिच्यातल्या द्रव्याने अंड्याचा बलक बिघडतो. साठवणीच्या गोळ्या घातलेले धान्यही देऊ नये.

हिशेब

मोकळी फिरणारी गावरान कोंबडी बरेच खाद्य स्वतः शोधते. तिला संध्याकाळी सुमारे 40 ग्रॅम दाणा द्यावा. 10 कोंबड्यांना रोज 400 ग्रॅम लागेल. म्हणजे 10 किलो दाणा 25 दिवस पुरेल. उन्हाळ्यात किडे आणि हिरवे कमी मिळते, तेव्हा थोडा वाढवावा.

मावशींनी हा हिशेब भिंतीवर कोळशाने लिहिला. एका बाजूला दाणा, दुसऱ्या बाजूला अंडी. महिन्याने त्या म्हणाल्या, "गुरुजी, आता कळतंय कोणती कोंबडी नुसतीच खाते ते!"

लिहिता आले, की आपले घर आपल्याला नीट दिसू लागते.

प्रश्न

1. आमच्या कोंबड्या कशाने मेल्या? त्या कशा वाचल्या असत्या?
2. सोयाबीन भाजून का द्यावे?
3. 6 कोंबड्यांना रोज किती ग्रॅम दाणा लागेल?

करून पाहा

घरातली बियाण्याची किंवा औषधाची रिकामी पिशवी न हाताळता, लांबूनच तिच्यावरचा मजकूर मोठ्याने वाचा. मग आपल्या गावचे भाव विचारून वहीत लिहा आणि 10 किलो दाण्याची किंमत काढा. घरच्या ज्वारीचीही किंमत धरा.