दुरुस्ती झाली, पण पास कोण करणार?

निकालानंतरच्या आठवड्यात पालक एकच प्रश्न विचारतात: "कॉम्प्युटर नाही मिळाले, तर मॅनेजमेंट कोट्यातून घ्यावे का?" ज्याला त्या विषयाची खरी ओढ आहे, त्याने जरूर घ्यावे. पण शेजाऱ्याच्या मुलीने घेतले म्हणून कर्ज काढून तीच शाखा घेणे हा निव्वळ घाबरटपणा आहे. ज्या मुलाचे हात यंत्रात रमतात त्याला चार वर्षे स्क्रीनसमोर बसवून पालक त्याचे भले करत नाहीत, स्वतःची भीती शमवतात. अशा मुलासाठी दुरुस्ती तपासणाऱ्या निरीक्षकाचे काम आहे आणि त्याचा विचार फारसा कुणी करत नाही.

साखर कारखान्याचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात गाळप बंद असते, तेव्हा बॉयलरच्या गळक्या नळ्या बदलतात, वेल्डिंग होते. वेल्डरने काम केले म्हणजे ते संपले असे नाही. निरीक्षक जोड स्वच्छ पुसून त्यावर लाल रंगद्रव्य मारतो, ते मुरू देतो, वरचे पुसून काढतो आणि पांढरा डेव्हलपर फवारतो. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली तर तडा आहे. मग तो जोड तासून पुन्हा करायचा आणि पुन्हा तपासायचा. आतले दोष अल्ट्रासोनिक किंवा रेडिओग्राफीने शोधतात. बॉयलर वापरण्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे या कामाला फाटा देता येत नाही. रिफायनरी, औष्णिक वीजकेंद्र आणि रासायनिक कारखान्यांतही नियोजित शटडाऊनला हेच चालते.

पात्रतेबाबत मात्र बाजारात फसवणूक फार आहे. पाया म्हणून मेकॅनिकलचा डिप्लोमा उत्तम. आयटीआयची वेल्डर किंवा फिटर शाखाही चालते. त्यावर एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न मोडता करायच्या अशा तपासणीच्या, लेव्हल वन, टू, थ्री अशा पायऱ्या. एसएनटी-टीसी-१ए या शिफारशीनुसार अल्ट्रासोनिकच्या लेव्हल टूपर्यंत साधारण ८० तासांचे प्रशिक्षण लागते, शिवाय कित्येक महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. प्रमाणित करण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. म्हणून आठवड्यात चार पद्धतींची लेव्हल टू देणाऱ्या क्लासचा कागद अनुभवाविना पोकळ आहे. त्यावर लाख रुपये घालवू नका. सरकारी बॉयलर निरीक्षकाची वाट वेगळी, तिला अभियांत्रिकीची पदवी आणि अनुभव लागतो.

"मग पोराने काळे हात करून घ्यायचे?" हा आक्षेप येणारच. हात काळे होतात हे खरे. शटडाऊनमध्ये रात्रपाळी असते, टाकीच्या आत परमिट घेऊन शिरावे लागते, उंचावर चढावे लागते, आणि काम ठेक्यावर असेल तर दोन शटडाऊनमधला काळ मोकळाही जातो. रेडिओग्राफीत किरणोत्सर्गाचा धोका आहे. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटींप्रमाणे प्रशिक्षण आणि छातीवर किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज सक्तीचे आहेत. ते न देणाऱ्या ठेकेदाराकडे मुलाला पाठवूच नका. जवळची नजर दरवर्षी तपासली जाते. डोळे कमजोर असतील किंवा उंचीची भीती असेल, तर हा नाद सोडलेला बरा.

पण सर्वांत कठीण अट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. बॉयलर पेटवण्याचा, अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरलेला असतो, वरिष्ठ घाई करत असतात, आणि तडा असलेल्या जोडाच्या रिपोर्टवर "नापास" लिहून सही करायची असते. ही सही चुकली तर माणसे मरतात. घरी प्रत्येक निर्णय आई-वडिलांनीच घेतलेल्या मुलाला साहेबासमोर "नाही" म्हणायचे बळ एकाएकी कुठून येणार? तेव्हा पालकांनो, अर्ज भरण्याआधी मुलाला एकदा वर्कशॉप दाखवा आणि त्याचे मत विचारा. ते "नको" असले, तरी ऐकून घ्या.