प्रवेश नाकारणाऱ्या आभासी संगणकातील माहिती

एका संगणकावर योग्य ती प्रणाली चालवून त्याच्या ठायी दुसऱ्या संगणकाचा आभास निर्माण करता येतो. या आभासी संगणकाला स्वतःची स्मृती, स्वतःची डिस्क व स्वतःची कार्यप्रणाली असते. निदान आत चालणाऱ्या कार्यप्रणालीची तशी समजूत असते. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९७२ साली जाहीर केलेली व्हीएम/३७० ही प्रणाली याच तत्त्वावर उभारलेली होती.

आता असे समजा की, व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणारा लिनक्सचा एक आभासी संगणक एके दिवशी आपल्याला आत घेईनासा झाला. परवलीचा शब्द स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच प्रवेशाची चौकट समोर येते. याचे कारण कित्येकदा अगदी साधे असते. डिस्क काठोकाठ भरलेली असते. कामाचा पडदा उघडताना काही लहान फाइली लिहाव्या लागतात, त्यांनाही जागा उरत नाही. आत मात्र एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची वर्षभराची मोजमापे पडून असतात. अशा वेळी घाबरून त्याच डिस्कवर कार्यप्रणाली नव्याने बसविली, तर जे केवळ अडकले होते ते खरोखरीच नष्ट होण्याचा संभव असतो.

प्रवेशाची चौकट ही वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखी आहे. आतली कार्यप्रणाली चालू असेल तोवरच तिचा पहारा. बाहेरच्या, म्हणजे यजमान संगणकाच्या दृष्टीने आभासी डिस्क ही केवळ एक मोठी फाइल होय, आणि तिच्यातील मजकूर सामान्यतः साध्या रूपातच लिहिलेला असतो. परवलीच्या शब्दाने माहिती सुरक्षित राहते ही समजूत म्हणूनच फारशी खरी नाही. डिस्क लक्स किंवा बिटलॉकर यांसारख्या पद्धतीने कूटबद्ध केलेली असेल, तर गोष्ट निराळी. तेथे किल्लीवाचून इलाज नाही.

प्रथम आभासी संगणक पूर्णपणे बंद करावा. स्थिती जतन करून नुसता थांबविलेला चालत नाही, कारण काही मजकूर तेव्हा स्मृतीतच असून डिस्कवर उतरलेला नसतो. नंतर डिस्कची प्रत काढावी व पुढचे सारे काम प्रतीवरच करावे. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक डिस्कला एक ओळख-क्रमांक देते. फाइलीची साधी नक्कल केली तर क्रमांक तोच राहतो व नक्कल नाकारली जाते. याकरिता क्लोनची सोय वापरावी. पूर्वी स्नॅपशॉट घेतलेले असतील, तर नंतरचे बदल मूळ फाइलीत नसून निराळ्या फाइलींत साठतात. म्हणून क्लोन सद्यःस्थितीचा घ्यावा, आणि त्या फाइली निरुपयोगी समजून कदापि पुसू नयेत.

ही प्रत लिनक्सच्याच एखाद्या सुस्थितीतील आभासी संगणकाला दुसरी डिस्क म्हणून जोडावी व केवळ वाचनापुरती उघडावी. लिनक्समध्ये फाइलीची मालकी नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदलेली असते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास येथेही नकार मिळू शकतो. प्रशासकाच्या अधिकाराने होम या फोल्डरमधील फाइली बाहेर उतरवून घ्याव्यात आणि त्यांतील काही प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. मूळ डिस्कला एवढ्यात कोणताच धक्का लागलेला नसतो. तिच्यात जागा मोकळी करण्याचे काम मग सावकाश हाती घेता येते.