घर : लोकजीवनाचा दस्तऐवज (आयर्लंडमधील जुने ग्रामीण घर)

प्रास्ताविक
घर ही केवळ निवाऱ्याची वास्तू नसते. त्यात राहणाऱ्यांचे परस्परसंबंध आणि आर्थिक स्थिती यांचाही तो पुरावा असतो. आयर्लंडमधील जुन्या ग्रामीण घराच्या आधारे हा मुद्दा आपण समजून घेऊ.

रचना
हे घर लांबट, एकमजली आणि रुंदीला एकाच खोलीचे असे. जवळपास मिळणाऱ्या साहित्यातूनच ते उभे राही. पश्चिमेकडील खडकाळ भागात भिंती दगडाच्या, तर पूर्वेकडे अनेक ठिकाणी मातीच्या असत. त्यांना चुना लावीत आणि छप्पर काडाने किंवा लव्हाळ्याने शाकारीत. दाराचा वरचा अर्धा भाग उघडा ठेवल्याने उजेड आत येई, कोंबड्या मात्र बाहेर राहत.

चूल
चूल हा घराचा केंद्रबिंदू होता. दलदलीतून कापून वाळवलेले पीट हे तिचे सरपण. रात्री निखारे राखेखाली झाकीत आणि सकाळी त्यांवरच नवा जाळ करीत. हिवाळ्यात शेजारी चुलीभोवती जमत आणि कथा रंगत. 1935 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या संग्राहकांनी अशा घरांतूनच विपुल मौखिक साहित्य टिपून घेतले.

आकड्यांचा अर्थ
1841 च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग पाडले होते. त्यांतील सर्वांत खालच्या वर्गात, म्हणजे एका खोलीच्या मातीच्या झोपड्यांत, सुमारे 4,91,000 घरे होती. 1851 मध्ये ती सुमारे 1,36,000 उरली. ही घट सुधारणेची खूण वाटेल. परंतु मधल्या काळात, 1845 पासून, बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ ओढवला होता. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देशांतराला गेली. खंड थकलेल्या कुळांना बाहेर काढून त्यांची घरेही अनेकदा पाडली गेली. झोपड्या घटल्या, कारण त्यांत राहणारे उरले नाहीत.

निष्कर्ष
आज चित्रांत दिसणारे पांढरेशुभ्र घर हे बहुधा बऱ्या स्थितीतील शेतकऱ्याचे, टिकून राहिलेले घर आहे. गरिबाची झोपडी मातीत मिसळून गेली. म्हणून अभ्यासकाने उरलेल्या वास्तूंबरोबरच न उरलेल्या वास्तूंचाही विचार केला पाहिजे.

स्वाध्याय
1. चुलीचे कौटुंबिक व सामाजिक स्थान स्पष्ट करा.
2. ‘घरांची घटती संख्या ही नेहमीच प्रगतीची खूण नसते.’ चर्चा करा.