कॅपची नोंदणी हुकली, आता?

प्रश्न : एमबीएची सीईटी दिली, गुणही बरे आहेत. आजीच्या आजारपणात कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) नोंदणीची मुदत गेली. वर्ष फुकट जाणार का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही, धीर सोडू नका. खासगी संस्था संस्थास्तरीय आणि कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा स्वतः, गुणवत्तेनुसार भरतात. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मुदतवाढ किंवा नॉन-कॅप नोंदणी आहे का, ते आजच पाहा. मग माटुंग्याच्या वेलिंगकरसारख्या संस्थांत थेट चौकशी करा. शुल्काचा मात्र आधी हिशेब मांडा, कारण राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी कॅपमधूनच प्रवेश लागतो. एआयसीटीईची मान्यता तपासा, दलालाला एक रुपयाही देऊ नका. मन चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेवरच असेल, तर वर्षभर नोकरी करून पुन्हा सीईटी देणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.